राहिलेली रोड टेस्ट

नव्वदच्या दशकात आमचं युनिट उत्तरेच्या डोंगरात होतं. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक, गाव शिरूर तालुक्यातलं इनामगाव. नाईक दत्तू ड्रायव्हर, दौंडच्या रेल्वे कॉलनीतला. सुट्टी मिळाली की दोघं एकाच गाडीनं यायचो. दौंडला त्याचे वडील, आबा, फलाटावर उभे असायचे. भाकरी-चटणीचं एक फडकं माझ्याही हातात द्यायचे आणि मला शिरूरच्या एसटीत बसवूनच घरी जायचे. सख्ख्या भावाशी जमलं नसतं इतकं माझं दत्तूशी जमायचं.

दत्तूकडं रेशनची जुनी पेट्रोल पिकअप होती. एका संध्याकाळी तो म्हणाला, उभ्या जागी इंजिन धडधडतंय, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद पडतंय. मी म्हटलं, कार्बोरेटर. दुसरा विचारच केला नाही. मोठा शहाणा मी. जेट फुंकले, फ्लोट पाहिला, काही सापडलं नाही. शेवटी उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा आयडलचा स्क्रू अर्धा फेरा पिळला. इंजिनाचा वेग वाढला, धडधड दबली.

वर्कशॉपचा नियम होता. ज्यानं गाडी दुरुस्त केली, त्यानंच ड्रायव्हरशेजारी बसून उतारावर रोड टेस्ट घ्यायची आणि मगच वहीत ‘फिट’ लिहायचं. अंधारून आलं होतं, थंडी मरणाची होती. दत्तू म्हणाला, "तू हात लावलास ना? मग झालं." मी ‘फिट’ लिहिलं आणि सही केली.

सकाळी सहाला गाडी निघाली. सव्वानऊला वायरलेसवर कॉल आला.

"रेशन गाडी चार नंबरच्या मोरीला पोचली नाही. ओव्हर."

"मग कुठंय? ओव्हर."

"गाडी दरीत गेलीय. ओव्हर."

दोर लावून मी खाली उतरलो. दत्तू संपला होता. बॉनेट उघडं पडलं होतं. इंजिनापासून ब्रेकला जोर पुरवणाऱ्या बूस्टरला जाणारी व्हॅक्यूमची रबरी नळी, वीतभर, खालच्या अंगानं फाटली होती. तिथून हवा आत ओढली जात होती, म्हणून इंजिन धडधडत होतं. गाडी सांगत होती आणि मी स्क्रू पिळून तिचं तोंड बंद केलं. उतारावर नळी पुरती फाटली, ब्रेकचं पेडल दगड झालं, दाबेना. चौकशीत मी सगळं सांगितलं, शिक्षा भोगली. पण अस्थी घेऊन दौंडला गेलो तेव्हा आबांना एवढंच म्हणालो, "ब्रेक लागला नाही." पुढं जीभ रेटेना. त्यानंतर मी दौंडला उतरणंच सोडलं. पुण्याला जाऊन मागं शिरूरला यायचो.

पेन्शनवर आलो आणि शिरूरला एसटी डेपोमागं गॅरेज टाकलं. कुणी आल्या आल्या ‘कार्बोरेटर गेलाय’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी आधी नळ्या बघतो. एका दुपारी एक जुनी पेट्रोल पिकअप धडधडत दारात आली. स्टिअरिंगवर आबा. रेल्वेतून निवृत्त होऊन आता कांद्याच्या खेपा करायचे; मार्केट यार्डात माल उतरवून आले होते. "उभ्या जागी चालू ऱ्हात न्हाई बघ," म्हणाले. मी बॉनेट उघडलं.

बूस्टरची नळी इंजिनाच्या बाजूला पक्कडीनं दाबली. इंजिन शांत झालं. सोडली, पुन्हा धडधड. काढून पाहिली, तशीच खालच्या अंगानं चिरलेली. नवी नळी घातली आणि म्हणालो, "आबा, रोड टेस्ट घेऊ. मी शेजारी बसतो."

घोडनदीच्या पुलाकडच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. तिथं मी सगळं सांगितलं. वही, सही, स्क्रू, सगळं. आबांनी हँडब्रेक ओढला.

"गाडी तू बघितली, ह्ये मला ठाव हाय," ते म्हणाले. "त्याचं शेवटचं पत्र तो गेल्यावर आलं. लिवलं व्हतं, गाडी आपल्या शिरूरच्या गड्यानं बघितलीय, काळजी नको. कशानं गेला, त्येवढं सांगायला तू कवातरी येशील म्हनून वाट बघितली."

मी रडलो. लपवत नाही.

गॅरेजात परत आल्यावर त्यांनी जुनी नळी मागितली. तळहातावर आडवी धरली.

"एवढीशीच व्हती?"

"व्हय, आबा."

ती खिशात घालून ते दौंडला गेले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही.

आजही दुरुस्त झालेली गाडी, शेजारी बसून उतारावर नेल्याशिवाय, मी सोडत नाही. गिऱ्हाईक वैतागतं, वैतागू दे. नाईक दत्तू, राहणार दौंड. त्याची रोड टेस्ट माझ्याकडून राहिली.