मामांच्या वाट्याचं बेरियम

माझ्या बायकोच्या मामांइतका साध्यासुध्या गोष्टीत वीज शोधणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा नसेल. उमेदीची सगळी वर्षं त्यांची एकाच कामात गेली. संध्याकाळी जमिनीवर अंधारून आलं, पण वर उंचावर ऊन शिल्लक असलं, की समुद्रकिनाऱ्यावरच्या तळावरून अग्निबाण सोडायचा आणि आकाशात बेरियम या धातूची वाफ उधळायची. उन्हाने तिचे अणू विद्युतभारित होऊन जांभळा ढग तयार व्हायचा, आणि त्याच्या आसपासचं विद्युतक्षेत्र, त्यातल्या लाटा, हे सगळं मोजणारं उपकरण मामांच्या हातचं असायचं. निवृत्तीनंतर अग्निबाण सुटले, लाटा सुटल्या नाहीत. सोसायटीच्या सत्यनारायणाला उदबत्तीचा धूर वाकडा झाला, तर मामा भर पोथीत गुरुजींना म्हणाले, "हा साधा धूर म्हणून वाकला. आयनांचा ढग असता तर पृथ्वीच्या चुंबकरेषा धरून लांबत गेला असता." गुरुजी म्हणाले, "तिसरा अध्याय उरकू दे का?" माझ्या लग्नात त्यांनी माझ्या वडिलांना हेच कढीत तुपाची धार सोडून समजावलं होतं. तेव्हापासून बाबा पंगतीत मामांपासून चार पानं लांब बसतात.

गेल्या वर्षी मामांचा घास अडकायला लागला. वजन उतरलं, बोलणंही आटलं. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला नाही, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आला. बेरियम पिऊन एक्स-रे काढा म्हणाले, आणि आठवडाभर मुके असलेले मामा एकदम ताठ बसले. घाटकोपरच्या सेंटरवर पांढऱ्या दाट द्रवाचा ग्लास हातात घेऊन ते तिथल्या मुलीला सांगू लागले, "हे सल्फेट. विरघळत नाही, म्हणून पाजता येतं. आमचं धातूचं होतं."

"काका, आधी प्या ना. मी सांगेन तेव्हा गिळा."

"मामा, ऐक ना तिचं," बायको दारातून म्हणाली.

दार बंद झालं. आम्ही बाहेर एकमेकांकडे न बघता बसलो. मग डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. "गाठ नाही. अन्ननलिका खाली आकसली आहे, ती दुर्बिणीतून रुंद करता येते." मी "नक्की ना?" असं तीनदा विचारलं.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी म्हटलं, "मामा, ती मुलगी सांगत होती, बेरियम घशातून उतरताना दिसतं त्या पडद्याकडेच तुम्ही सारखे बघत होतात."

"जावईबापू, ढग सुटला की सगळे बघायला किनाऱ्यावर धावायचे. मी खोलीत, कागदावर हलणाऱ्या रेघेसमोर. सिग्नल सोडून उठायचं कसं? एकही ढग डोळ्यांनी पाहिला नाही मी. बेरियम जाताना आज पहिल्यांदा बघितलं."

"आणि मामी?" बायकोने विचारलं. मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"ती दर वेळी किनाऱ्यावर. घरी आल्यावर मला सांगायची, कसा जांभळा होता, कसा लांबत गेला. मी तिला म्हणायचो, आकडे आहेत माझ्याकडे."

त्यांनी चहाचा लहानसा घोट घेतला, आणि तो नीट खाली उतरेपर्यंत आम्ही दोघं त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो.