मायची चूल आणि परळीचं तेल

दिवाळीच्या सुट्टीत बीडहून गावी आलो, तेव्हा आमच्या पत्र्यांच्या फटीतून धूर निघत होता. तो बघून मी रस्त्यातच थांबलो. आमच्या घरातला धूर चार वर्षांपूर्वीच बंद झाला होता.

मायला फेफरं येतं. एकदा भाकरी थापताना आलं आणि तिचा डावा हात निखाऱ्यात पडला. आबांनी, माझ्या वडिलांनी, चूल मोडून टाकली. तेव्हापासून भाकरी शेजारून, चुलतीच्या घरून येऊ लागल्या. चुलती मनानं वाईट नाही, पण टोपलं ठेवताना म्हणायची, "घ्या राणीसाहेब, आयती भाकर." माय हसायची आणि कमी जेवायची.

आत नवी, सारवलेली चूल होती. माय काठवटीत पीठ मळत होती. मला म्हणाली, बस, गरम वाढते. मला बरं वाटायला हवं होतं. माझी नजर मात्र तिच्या डाव्या हातावर गेली.

मामा बाजेवर बसले होते. त्यांनी परळीहून एक छोटी बाटली आणली होती. गांजाच्या झाडाचं तेल, दोन वेळा जिभेखाली घ्यायचं. ज्यानं दिलं त्यानं बजावलं होतं की यासोबत इंग्रजी गोळ्या चालत नाहीत. म्हणून दसऱ्यापासून मायच्या गोळ्या बंद होत्या. आणि तेव्हापासून फेफरं आलंच नव्हतं, म्हणून मायनं पुन्हा चूल घातली होती.

मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मामांनी सगळ्यांदेखत मलाच विचारलं, "तू तर ह्येच शिकतोस. गांजाच्या झाडातून फेफऱ्याचं औषध निघतंय. खरं हाय का न्हाई?"

"खरं आहे, पण..."

पुढचं कुणाला ऐकायचं नव्हतं. आबांनी मान हलवली आणि ते मेंढरांकडं निघून गेले. मग मी एकट्या मामांनाच सांगत बसलो. त्या झाडातला एक घटक वेगळा काढतात, शुद्ध करतात, मोजून देतात. नशा आणणारा घटक त्यात येऊ देत नाहीत. तेही काही ठरावीक प्रकारच्या फिटांसाठी, बहुतेक लहान मुलांना, आणि सहसा आधीच्या गोळ्यांसोबत. या बाटलीत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. तिच्यावर फक्त पानाचं चित्र होतं.

मामा म्हणाले, शंकराचं झाड हाय, ते कुणाचं वाईट करत न्हाई. मग हसून म्हणाले, "एवढं शिकून नुसतं भ्यायलाच शिकवलं का बे तुला?"

मी बाटली हुंगली. तिळाच्या तेलाचा वास, आणि त्याखाली चुरगळलेल्या पाल्यासारखा काहीतरी हिरवा वास. त्यात कदाचित काहीच नसेल, कदाचित भलतंच असेल. फेफरं गेलंय असं मला वाटेना. ते घरातच कुठंतरी दबा धरून बसलंय असं वाटत होतं.

मायला तपासणाऱ्या बीडच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळ्या अशा एकदम तोडल्या की एकामागून एक फिट येऊ शकते, थांबतही नाही. कोणती गोळी आजपासून किती घ्यायची ते त्यांनी सांगितलं. तेल बंद करायचं, सोमवारी मायला आणि बाटलीला घेऊन यायचं. तोवर तिला विस्तवापासून आणि पाण्यापासून लांब ठेवायचं.

मी चुलीपाशी बसून मायला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. डब्यातल्या जुन्या पाकिटात काही गोळ्या उरल्या होत्या, त्यातली एक माझ्यादेखत घेतली. बाटली माझ्या हातात दिली. मग पुन्हा पिठाला हात लावला.

"गोळी घेते. तेल नको तर नको," ती म्हणाली. "पण चूल न्हाई सोडणार. चार वर्सं मी मागून खाल्लंय. ते तुला ठावं न्हाई."

मी उठून चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसलो. मायचं फेफरं गप्प होण्यानं सुरू होतं. बोलता बोलता ती थांबते, बोटं पदर चाचपू लागतात, आणि मग ती पडते. म्हणून मी तिला विचारत राहिलो. कोणती मेंढी व्याली, कुणाचं लग्न जमलं, धरणाचं पाणी कुठवर आलं. ती सांगत होती. मध्येच एकदा थांबली. मी झटकन जळतं लाकूड बाहेर ओढलं.

"कावून ओढतोस? भाकर उलटू का बोलू?"

आम्ही दोघंही हसलो. मी लाकूड पुन्हा आत सरकवलं.

पाकीट संपत आलं होतं. सकाळी गोळ्या आणायला माजलगावला जाणं भाग होतं. निघताना आबांना म्हणालो, माय चुलीपुढं बसली की तुम्ही समोर बसा, तिच्याशी बोलत राहा, ती गप्प झाली तर आधी लाकडं ओढा.

आबा दिवसभर मेंढरांमागं असणारा माणूस. घरात ते हो आणि नाही याच्या पलीकडं फारसं बोलत नाहीत. त्यांनी चुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय बोलू?" त्यांनी विचारलं.

मला काही सांगता येण्याआधीच एसटीचा हॉर्न वाजला. गाडीत बसून वळणावरून मागं बघितलं, तेव्हा आमच्या पत्र्यांतून धूर निघायला लागला होता.