चष्मेवाला आणि शेपट्यांचा हिरवा पतंग

चष्मेवाल्याला अक्कल दोनच गोष्टींची: भिंगं आणि दिव्यावर येणारे पतंग. बागेत खोक्यावर दिवा लावायचा, खोक्यात अंड्यांचे रिकामे ट्रे ठेवायचे. रात्रभरात पतंग त्यात जाऊन बसले की सकाळी एकेकाचा फोटो काढायचा, नोंद करायची आणि झुडपात सोडून द्यायचं. बायको म्हणायची, "मला कधी एवढं निरखून बघितलं नाहीत." त्यावर हा बाबा म्हणे, "तू रोज तीच असतेस."

शहरभरच्या पतंगवेड्यांच्या नोंदी तपासायचं कामही याच्याचकडे. फोटो नाही तर नोंद नाही, हा नियमही याचाच. मागे थोरल्या भावाने, दादाने, लांब शेपट्यांचा हिरवा पतंग पाहिल्याचं सांगितलं. फोटो नव्हता. याने पतंगवेड्यांच्या भर बैठकीत सुनावलं, "दादा, दुकानात ये, तुझा नंबर वाढलाय." सगळे खो खो हसले. दादाने तेव्हापासून बोलणं टाकलं. हाही ताठच राहिला. पण दुकानात दादाच्या चालीचं कुणी शिरलं की याच्या काळजात चर्र व्हायचं.

गेल्या आठवड्यात साहेब बागेतच घसरले आणि पाय प्लास्टरात गेला. खोकं उघडणं बायकोच्या गळ्यात पडलं. हा खिडकीत बसून हुकूम सोडायचा, ती ट्रे उचलून ओरडायची, "हा मळकट. हा आणखी मळकट. हा तुमच्या बनियनसारखा." आणि आज सकाळी एकदम, "अगंबाई, केवढा हा! हिरवागार, मागे दोन लांब शेपट्या... गेला बाई उडून!"

"फोटो?" हा किंचाळला.

"दोन्ही हातांत ट्रे आहेत. फोटो काय नाकाने काढू?"

हा तिच्याकडे बघतच राहिला. ही बाई वाढदिवसालासुद्धा कुणाचं खोटं कौतुक करत नाही, पतंगाबद्दल कशाला थापा मारेल? म्हणजे दादाने पण खरंच पाहिला होता. सख्ख्या भावाला चारचौघांत खोटं पाडलं आपण, गाढव कुठले!

त्याने फोन लावला. "दादा, हिने आज तो हिरवा पाहिला. चुकलं रे माझं."

पलीकडून दादाने विचारलं, "फोटो आहे?"

"नाही."

"मग नोंद नाही." दादा खाकरला. "पाय मोडून घेतलास म्हणे. कळलं मला. उद्या मी येईपर्यंत खोकं उघडू नका."