आरामखुर्चीचा मान
आज तव्यावर तांदळाची भाकरी करपली आणि त्या वासासरशी महाडजवळच्या आमच्या घराच्या पडवीतली एक सकाळ आठवली. वडील आदल्याच दिवशी कारखान्यातून निवृत्त झाले होते. भेट मिळालेल्या आरामखुर्चीत बसून त्यांनी ऐटीत चहा मागितला. आई चुलीपुढून उठली, त्यांच्या सत्काराची शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "उठा. तुमची ड्युटी संपली, माझी कवा संपायची? आजपासून मी पन रिटायर हाय." वडील हसले, पण तिचा चेहरा बघून उठून चुलीकडे गेले. त्यांची पहिली भाकरी एका अंगाने काळी, दुसऱ्या अंगाने कच्ची. आईने खुर्चीत बसूनच ती सगळी खाल्ली आणि म्हणाली, "बरी हाय. उद्या जरा पातळ थापा." पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय, भाकरीचा सराव आत्तापासूनच सुरू केलाय.