रुपराव गिरणीला नाही म्हणाला

नागपूरच्या तांडापेठेत सकाळी हातमाग सुरू झाले की माणसाला घरातल्या घरात ओरडून बोलावं लागतं. त्या खटखटीतच गिरिधर विणकराचा रुपराव शिकला, बी.कॉम. झाला, एम.कॉम.ला बसला. गिरिधर लुगडी विणायचा. त्याच्या काठाला हात लावल्याशिवाय बाई पुढं सरकत नसे. पण विकायची वेळ आली की गिरिधर मुका. व्यापारी सांगेल तो भाव, ठेवील तो मान. ते पाहत वाढलेल्या रुपरावनं मनाशी बांधलं होतं, आपण विणणार नाही, आपण विकायला शिकू.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याला शिष्यवृत्ती मिळाली. इटलीतल्या एका डोंगराखालच्या लहानशा गावात दोन महिने कापडाच्या व्यापाराचं शिक्षण. देशोदेशीची बारा पोरं. गावात लोकरीची मोठी गिरणी होती. तिचा म्हातारा मालक शेवटी बारातला एक निवडून वर्षभर आपल्या विक्रीखात्यात ठेवून घेणार होता. रुपरावला ती जागा हवी होती. बाकीची इटली, तिची घंटाघरं, तिचे द्राक्षांचे मळे, त्याच्या लेखी असून नसल्यासारखे होते.

राहायला एका विधवा बाईचं घर मिळालं. बाई पहिल्याच दिवशी हसतमुखानं पातेलं घेऊन आली. वाढून झाल्यावर तिनं खुणेनं विचारलं, आणखी? रुपरावनं ताटावर हात आडवा धरला. आपल्याकडं पाहुण्यानं असा हात धरायचाच असतो. वाढणारीनं रागवायचं, शपथ घालायची, बोटांच्या फटीतून भात सोडायचा, तेव्हा कुठं जेवण झालं म्हणायचं. या बाईनं मान हलवली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि गेली. रुपराव झाकणाकडं पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पोट अर्धं, आणि जिवाचा संताप. त्यानं घरी पत्र टाकलं, "बाई भली आहे, पण हाताची चिकट आहे." ही तिथली रीत असेल, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

अभ्यासात मात्र तो कुणाला हार गेला नाही. भाव कसा ठरतो, नमुना कसा दाखवतात, आगाऊ मागणी कशी घेतात, सगळं त्यानं वहीत उतरवलं. जुलैच्या शेवटी मालकानं त्याला गिरणीत बोलावलं. रुपरावनं सोबत वडिलांनी विणलेला हातभर काठ नेला होता. म्हाताऱ्यानं तो खिडकीशी धरला, उलटा केला आणि अंगठ्यानं चोळला. मग तोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सप्टेंबरपासून माझ्याकडे राहशील?"

रुपरावच्या छातीत माग सुरू झाला. पण एवढा मोठा माणूस एवढी मोठी गोष्ट देतो, आणि आपण झडप घालायची? तो हात जोडून म्हणाला, "नाही, नाही. मी लहान माणूस. माझी कुठली एवढी योग्यता!"

आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत उभा राहिला.

म्हाताऱ्यानं काठाची नीट घडी घातली, त्याच्या हातात दिली, खांद्यावर थोपटलं आणि दारापर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या फळ्यावर त्या जागेसाठी कैरोच्या पोराचं नाव लागलं. रुपराव धावतच गिरणीत गेला. "मला यायचं होतं," तो म्हणाला. "मी फक्त तुमचा मान राखायला नाही म्हणालो."

"तू नाही म्हणालास, मी ऐकलं," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही मला पुन्हा विचारायचं होतं!"

म्हातारा खरोखर गोंधळला. "शहाण्या माणसाला एकच गोष्ट दोनदा विचारू? म्हणजे त्याचा शब्द खोटा धरला." मग हळू आवाजात म्हणाला, "आता मी त्या मुलाला शब्द दिला आहे."

पुढचे दहा दिवस रुपराव त्या गावात कसा राहिला ते त्यालाच ठाऊक. कैरोवाला रोज हसून हात हलवी. रुपरावला त्याचा राग येई, आणि त्याहून जास्त स्वतःच्या जोडलेल्या हातांचा.

नागपूरला परतल्यावर त्यानं सगळं सांगितलं. गिरिधरनं मांडीवर थाप मारली. "शाबास गा! समोरच्याच्या तोंडातून निघाल्याबरोबर हो म्हणते तो काय माणूस होय?"

माय म्हणाली, "पण त्या म्हाताऱ्याले अजून एक डाव पुसाले काय झालतं वं माय!"

"माय, त्यायच्यात पुसत नाहीत," रुपराव म्हणाला.

"काहून नाही पुसत? मुके हायेत का?"

रुपरावला शहरातल्या सदर भागात एका कापडाच्या दुकानात नोकरी लागली. दिवसभर थानं उलगडायची आणि पुन्हा गुंडाळायची. इकडं गिरिधरनं ती गोष्ट पेठभर केली. ज्या व्यापाऱ्यांपुढं त्याचं तोंड उघडत नसे, त्यांनाही तो आता ताठ मानेनं ऐकवी, "माह्या पोरानं इटलीची गिरणी नाकारली." रुपराव आधी भांडला, मग त्यानं समजावलं, मग नाद सोडला.

पुढच्या माघात सोयरीक घेऊन पाहुणे आले. मुलीचे वडील मारोतराव चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "जवाई, आयकलं ते खरं का? तुमी खुद्द नाही म्हटलं?"

रुपरावनं वर पाहिलं. आज मधे कुणी बोलायच्या आत त्यानं स्पष्ट सांगितलं, "मामाजी, मले पाहिजे होती ते नोकरी. लय पाहिजे होती. माह्या चुकीनं गेली."

मारोतराव गिरिधरकडं वळून मोठ्यानं हसले. "पाहा, पाहा! एवढं करूनबी मोठेपणा घेत नाही पोरगा!"

"असाच हाये तो," गिरिधर म्हणाला, आणि सुपारी पुढं केली.