परकाराने काढलेली खानावळ

मांडवीला माझ्या मावशीची खानावळ आहे. खाऱ्या हवेने तिच्या पत्र्याच्या बोर्डाची चाळण झाली, तेव्हा मी म्हटलं, "मावशी, नवीन मी करतो." मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता.

जुना बोर्ड पेंटरने रंगवलेला. लालभडक जाड अक्षरं, मागे काळी सावली. मी घेतला एकदम मॉडर्न फॉन्ट. सगळ्या रेषा एकाच जाडीच्या, आणि गोल म्हणजे परकाराने मारल्यासारखा गोल. 'व'चं पोट अख्खं वर्तुळ, 'ळ' म्हणजे दोन सारखी वर्तुळं शेजारी शेजारी. पांढऱ्यावर करडा रंग, भोवती भरपूर मोकळी जागा. फोनच्या जाहिरातीत, नव्या फ्लॅटच्या बोर्डावर असतो ना, तोच थाट.

मावशी खालून बघत म्हणाली, "अक्षरं बारीक झाली रे, पण शिकल्यासारखी दिसतात."

मी फुगलो.

दुपारी मी बोर्डाचा फोटो काढत होतो. तेवढ्यात होडीवरचे दोन खलाशी आले. रोजचे. त्यातला म्हातारा भात मागतो ती तऱ्हा मी मित्रांना करून दाखवतो, लोळतात हसून. दोघं बोर्डाखाली थांबले. वर बघितलं, मग आपल्या ओल्या लुंग्यांकडे.

"चल रे," म्हातारा म्हणाला. "आत एसी आसंल. पाण्याचं पन पैसं घेतील."

निघाले वडापावच्या गाडीकडे. मला कंडक्टरचा आवाज काढता येतो, हेडमास्तरांचा येतो, त्या म्हाताऱ्याचासुद्धा येतो. त्यांना हाक मारायला माझा स्वतःचा आवाज मात्र निघेना.

आत मावशी बांगड्याच्या सारात डाव फिरवत बसलेली. "आज कोण फिरकलं नाय?"

"वारा आहे ना," मी म्हटलं. बाहेर नारळाचं पान हलत नव्हतं.

पुढचे दिवसही तेच. पर्यटक यायचे, बोर्डापुढे सेल्फी काढायचे, आतली बाकडी बघून परत जायचे. सार उरायचं. मावशी रात्री तेच खायची आणि मला म्हणायची, "बोर्डाला नावं नको ठेवूस, मला आवडतो." मी तर काहीच बोललो नव्हतो.

शेवटी मीच जेटीवर गेलो. म्हातारा जाळं शिवत होता. मला बघून म्हणाला, "काय रे, मावशी गेली काय मुंबईला, लेकाकडं? हाटेल कोनाला दिलान?"

"कुणाला नाही दिलं, आजोबा. तीच आहे. बोर्ड तेवढा मी केला."

"तू?" एवढंच विचारलं त्याने. मला वाटलं, शिवी दिली असती तर बरं.

दुपारी तो आला. दारात थांबला, आणि चपला काढल्या. बँकेत, डॉक्टरकडे जाताना काढतात तशा.

"अरे, चपला कसल्या काढतोस?" मावशी ओरडली. "इतकी वर्षं काढल्यास कधी?"

त्याने नुसती मान वर करून बोर्डाकडे खूण केली.

मी भाताचं पातेलं घेऊन उभा होतो. त्याला भात वाढला, त्याने मागायच्या आत. मग पातेलं ठेवलं आणि शिडी आणायला मागे गेलो. जुन्या बोर्डाचा पत्रा मागच्या पडवीवर टाकला होता मी, कोंबड्यांना सावली म्हणून.