विस्तवावरचं भांडं

मुलांनो, गाजर आणि कांदा एकत्र उकळल्याचा वास आला की मला आमचं सासरचं गाव, उंब्रज, आठवतं. चौऱ्याहत्तरच्या थंडीत सासरे गेले. सुतकात घरची चूल पेटवायची नव्हती आणि शेजाऱ्यांनी आणलेल्या भाकरीला सासूबाई तीन दिवस शिवल्या नव्हत्या. लष्करी मेसमध्ये आचारी असलेले धाकटे दीर अंत्यविधीनंतर पोहोचले. त्यांनी शेजारच्या अंगणात भाज्या शिजवून वाटीभर रस्सा आणला. मी त्या रश्शाचं नाव विचारलं. “पो-तो-फ, वहिनी. फ्रेंचात म्हंजे विस्तवावरचं भांडं. तिकडं गरिबाच्या चुलीवरनं ते कवाच उतरत न्हाई, म्हनून हे नाव.” सासूबाई म्हणाल्या, “मानूस मेलं तरी उतरत न्हाई व्हय रं?” दिरांनी वाटी त्यांच्या पुढ्यात धरली. सासूबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि संपवली. मला तेव्हा रडू आलं नाही. हे लिहितानाही येत नाही.